तळघरातली तालीम

सिनेमावाल्यांनी चर्चच्या तळघरात दिवे पेटवले आणि इकडे अर्नेस्टीन जिन्यापर्यंत जाऊन तिसऱ्यांदा परत आली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. चार पोरं वाढवली, नवरा पोचवला, गावातल्या दोन पिढ्यांच्या डोक्यात गणित कोंबलं, कुणाच्या बापाला कधी भ्यायली नाही. पण आज तिची मैत्रीण व्हर्लीन शूटिंग बघायला येणार होती, आणि आजच नेमका तो सीन होता.

तो सीन काय, ते आधी सांगायला हवं. एकोणीसशे साठ सालची गोष्ट. अलाबामातल्या या गावात सग्ज नावाच्या गोऱ्याचं दुकान होतं. तिथे काळ्या माणसाने कंगवा घ्यावा, साबण घ्यावा, पैसे मोजून द्यावेत. पण आतल्या काउंटरवर बसून कॉफी मागायची नाही. चर्चमधल्या तरुण पोरांनी ठरवलं, जाऊन बसायचं. मारलं तरी हात उचलायचा नाही, शिवी दिली तरी ब्र काढायचा नाही. आता हे काय नुसतं ठरवून जमतं होय? म्हणून रेव्हरंड पेटवे रोज संध्याकाळी या तळघरात तालीम घ्यायचे. फळ्या टाकून काउंटर करायचा. निम्म्यांनी बसायचं आणि निम्म्यांनी गोरे व्हायचं. गोऱ्यांनी केस ओढायचे, खुर्चीला लाथ घालायची, डोक्यावर साखर ओतायची आणि तोंडाला येईल ते बोलायचं.

अर्नेस्टीनची पाळी आली तेव्हा चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनच्या मुलाने तिची वेणी ओढली आणि हिने त्याच्या कानाखाली असा जाळ काढला की बिचारा फळीवर आपटला. रेव्हरंड म्हणाले, "पोरी, काळीज वाघाचं आहे तुझं, पण हात आवरत नाही. तू काउंटरवर जायचं नाहीस. तू गोरी हो."

झाली मग ती गोरी! आणि अशी झाली की बघणाऱ्यांनी माना खाली घातल्या. शेवटच्या संध्याकाळी तिच्यापुढे व्हर्लीन बसली होती. पाळण्यापासूनची मैत्रीण, एका ताटात जेवलेली. एकोणीस वर्षांत गोऱ्यांच्या तोंडून जे जे ऐकलं होतं, ते सगळं अर्नेस्टीनने तिच्यावर ओतलं. निवड झाली नाही त्याचा राग होता, तोही त्यातच ओतला. व्हर्लीन दगडासारखी बसून राहिली. तालीम संपल्यावर उठली, पर्स उचलली आणि अर्नेस्टीनच्या शेजारून, तिच्याकडे न बघता, जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी व्हर्लीन काउंटरवर बसली, तिथून तुरुंगात गेली, आणि सुटल्यावर डेट्रॉइटला मावशीकडे निघून गेली. परतली ती चाळीस वर्षांनी, विधवा होऊन. आता दोघी दर रविवारी एकाच बाकावर बसतात, एकीच्या पर्समधल्या पेपरमिंटच्या गोळ्या दुसरी खाते, गाणाऱ्यांच्या सुरांना दोघी मिळून नावं ठेवतात. त्या संध्याकाळचा विषय मात्र कुणी काढला नाही. अर्नेस्टीनने मनाशी धरलंच होतं, आपण हिला त्या दिवशी आतून मोडलं. विचारायचा धीर झाला नाही. विचारलं आणि ती "हो" म्हणाली तर?

आणि आता हा सिनेमा. लेखक लॉस एंजेलिसचा, स्वभावाने गरीब. अर्नेस्टीनच्या स्वयंपाकघरात बसून तळलेलं चिकन हाणायचा आणि ऐकत राहायचा. तालमीचं तिने सांगितलं, जिन्याचं सांगितलं. पुढचं त्याने मनाने रचलं. जिना चढून गेलेली मुलगी मोरीत जाऊन हमसून हमसून रडते, आणि वरती पियानो दुरुस्त करायला आलेला एक गोरा माणूस तिला रुमाल देतो.

"हा पियानोवाला कुठून उपटला रे?" अर्नेस्टीनने विचारलं होतं.

"प्रेक्षकांना धरायला कुणीतरी लागतं, बाई."

"मग त्यांना खुर्चीचा हात धरायला सांग!"

पियानोवाला गेला, पण रडणं तिने राहू दिलं. कारण तिला स्वतःलाच वाटत होतं, हे खरं असणार.

दहाच्या सुमाराला व्हर्लीन आली. डोक्यावर जांभळी टोपी, काखेत उशी. तिने कथा वाचली नव्हती. "पडद्यावर बघेन की," म्हणून सगळ्यांना वाटेला लावलं होतं. दिग्दर्शिका टोया, काळ्या समाजातलीच, पस्तिशीची, लगबगीने खुर्ची घेऊन आली.

"बसा, व्हर्लीनबाई. तुमचं आयुष्य आहे, काही चुकलं तर सांगा हं."

"मी कशाला बोलू? असले सिनेमे पाठ आहेत मला. आपल्यातलं एक चांगलं माणूस मरतं, मग एक गोरा शहाणा होतो, शेवटी सगळे मिळून गातात. आमच्यातलं कोण मरतंय यात?"

"कुणीच नाही."

"अरे वा! सुधारलात गं!"

टोया हसली. अर्नेस्टीनला हसू येईना. ती व्हर्लीनशेजारी बसली खरी, पण खुर्चीच्या टोकावर.

सीन सुरू झाला. अर्नेस्टीन झालेली पोर उंच, आवाजाने खणखणीत. तिने केस ओढले, साखर ओतली, शिव्यांची फैर झाडली. व्हर्लीन झालेल्या पोरीचे ओठ थरथरायला लागले. ती उठली, जिन्याकडे धावली, आणि मोरीच्या दाराआडून असा हंबरडा फुटला की दिवेवाल्यानेसुद्धा डोळे पुसले. अर्नेस्टीनने डोळे गच्च मिटून घेतले. साठ-पासष्ट वर्षं जे डोळ्यांपुढे यायचं, ते आता कानांनीही ऐकलं.

"कट!" टोया म्हणाली. "फारच छान!"

"छान कसलं डोंबलाचं?" शेजारून आवाज आला. "ती कशाला रडतेय?"

टोयाने वळून बघितलं.

"तुम्हीच ना त्या, व्हर्लीनबाई," टोया चाचरत म्हणाली. "तालमीनंतर..."

"मी? मी रडले? कुणी सांगितलं हे?"

सगळ्यांची नजर अर्नेस्टीनकडे वळली. तिने जिन्याकडे बघितलं. पण आता पळणार कुठे? "कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "पण तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस त्या दिवशी. मी तुला ते सगळं बोलले, आणि तू तशीच निघून गेलीस. मला वाटलं... व्हर्लीन, मला आजपर्यंत वाटत आलंय की मी तुला मोडलं."

व्हर्लीन तिच्याकडे वळून बसली. मग तिचे खांदे हलायला लागले.

"अगं बये! तुझ्याकडे बघितलं असतं तर मी मेले असते! हसू फुटलं असतं मला!"

"हसू?"

"मग काय! तू सग्ज झाली होतीस ना! हुबेहूब सग्ज! प्रत्येक शिवीनंतर त्याच्यासारखी, नसलेली कवळी आत ओढायचीस. सुर्रप्!"

"मी? कवळी?"

"तुला कळतसुद्धा नव्हतं! शिवी, सुर्रप्. शिवी, सुर्रप्. आणि रेव्हरंडांचा नियम ठाऊक आहे ना? हात उचलला की नाव कापलं, रडलं की कापलं, आणि हसलं तरी कापलंच. मी गाल आतून चावून चावून रक्त काढलं. जिना चढले, मोरीत शिरले, रुमाल तोंडात कोंबला आणि पोट दुखेस्तोवर हसले."

टोयाच्या हातातले कागद खाली आले. दिवेवाला खोकत खोकत दुसरीकडे बघायला लागला.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" अर्नेस्टीनचा आवाज चिरकला. आनंद की राग, तिचं तिलाच कळेना.

"तू तरी कधी विचारलंस? मला वाटायचं, मला घेतलं आणि तुला नाही, म्हणून तू घुश्शात आहेस. तुरुंगातून सुटले तर भेटायलासुद्धा आली नाहीस."

"तोंड कुठे होतं मला यायला?"

"घ्या! एक लाजतेय, दुसरी रुसतेय, आणि चाळीस वर्षं बसले मी डेट्रॉइटच्या थंडीत!"

आता मात्र सगळं तळघर हसलं. टोयाने लेखकाला फोन लावला, तिकडून तो काहीतरी कुरकुरत असणार, कारण ती दोनदा म्हणाली, "लोकांना हसू कळतं रे, बाबा." मग दोन्ही पोरींना बाजूला घेऊन ती समजवायला लागली. मोरीचा सीन पुन्हा घ्यायचा ठरला, रुमाल तोंडात कोंबून.

मांडामांड होईपर्यंत दोघी वर येऊन पायरीवर बसल्या. कुणीतरी बर्फ घातलेला गोड चहा आणून दिला. अर्नेस्टीनला छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटत होतं. तरी एक सल राहिलीच होती, आणि आज बोलायचा दिवस होता.

"तू हसलीस, ते बरं झालं," ती म्हणाली. "पण काउंटरवर मी नव्हते गं तुझ्याबरोबर. ते काही केल्या जात नाही मनातून."

व्हर्लीनने ग्लास खाली ठेवला. आता ती हसत नव्हती.

"ऐक. तिथे बसले तेव्हा पाय लटपटत होते माझे. मागे पोरं जमली होती, कुणाच्या हातात सोड्याची बाटली, कुणाच्या हातात जळती सिगारेट. मग सग्ज आला. अगदी कानाशी तोंड आणून त्याने तेच शब्द सुरू केले. आणि अर्नी, मला त्याचा आवाज ऐकूच आला नाही. तुझा आला. तो एकेक शिवी देत होता आणि मला वाटत होतं, ही आली बघ, माझ्या मागेच उभी आहे. मग पाय लटपटायचे थांबले माझे. उठवून नेईपर्यंत मी ताठ बसले."

अर्नेस्टीनने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि ती भर दिवसा, चर्चच्या पायरीवर, मनसोक्त रडली. व्हर्लीनने तिला रडू दिलं.