तांबडा उजेड पाल्याचा

राजश्री मूळची सदलग्याची, बेळगावात पीएचडी करणारी. पानं काढून घेतल्यावर तंबाखूच्या शेतात जी धाटं उरतात आणि लोक जाळून टाकतात, त्यांच्यापासून ती एलईडीसाठी उजेड देणारा कार्बन बनवत होती. धाटं बारीक करायची, स्पिरिटबरोबर पोलादी भांड्यात बंद करायची आणि भट्टीत शिजवायची. त्यातून निघणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण जांभळ्या दिव्याखाली निळसर आणि तांबडे चमकत. एलईडीवर त्यांचा थर दिला की उबदार पांढरा उजेड पडे. खाणीतली दुर्मिळ मूलद्रव्यं नकोत, विषारी धातू नकोत. तिचा शोधनिबंध छापून आला तेव्हा तिचे मार्गदर्शक रघुवीर सर पेढे घेऊन आले होते.

धाटं निपाणीहून नागुबाई पाठवायची. वखारीत तंबाखू चाळून चाळून तिला खोकला जडलेला. सरांनी तिच्या बचत गटातल्या बायकांना समोर बसवून सांगितलं होतं, "दोन वर्षांत इथंच हे दिवे बनवायचं केंद्र काढू. तुम्हाला वखारीत जावं लागणार नाही."

मार्चमध्ये राजश्रीनं एक दिवा सलग पेटता ठेवला. नवव्या दिवशी त्याचा उजेड निळा पडला होता. आधी तिला थरातला डिंक खराब वाटला. मग तिनं साल आणि पाला पूर्ण काढून नुसती धाटं शिजवली. तांबडं काहीच चमकलं नाही.

तिनं पुन्हा केलं. चार वेळा केलं. तांबडा रंग कार्बनचा नव्हताच. धाटांना चिकटलेल्या पाल्यातलं हरितद्रव्य स्पिरिटमध्ये उतरत होतं, गाळणीतूनही सुटत होतं. ते कुठल्याही पानातून निघतं आणि उजेडात विटून जातं.

सरांनी आलेख पाहिले, बाजूला ठेवले. "हे कुणी विचारलंय का आपल्याला?"

"नाही सर. पण चूक आहे."

"निबंधावर पहिलं नाव तुझं आहे. बुडशील ती तू."

चार दिवस तिला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी तिनं निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला चूक कळवणारं पत्र पाठवलं आणि निपाणीची बस धरली.

नागुबाई दारातच धाटं वाळत घालत होती. राजश्रीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"म्हंजे दिवा न्हाय व्हय?"

"हाय आक्का. निळा उजेड कार्बनचाच हाय. तांबडा पाल्याचा निघाला. नुसत्या निळ्यावर घरातला दिवा व्हईत न्हाय."

"सरांनी सांगितलं तवा तूबी तिथंच हुतीस न्हवं?"

"व्हय. तवा मलाबी खरंच वाटत हुतं."

नागुबाईनं हातातली धाटं खाली टाकली. "तिघींनी वखार सोडली गं तुमच्या बोलण्यावर. माझ्या तोंडाकडं बघून सोडली."

राजश्रीला हे माहीत नव्हतं. "मी येते वखारीत. मुकादमास्नी सांगते, चूक आमची हाय म्हणून."

दोघी गेल्या. तंबाखूच्या धुळीनं राजश्रीला शिंका आवरेनात. मुकादमानं त्या तिघींपैकी दोघींना परत घ्यायचं कबूल केलं. तिसरीच्या, बाळाबाईच्या, जागी मात्र दुसरी बाई लागली होती. बाळाबाई पायरीवर बसून होती. तिनं राजश्रीकडे पाहिलंसुद्धा नाही.

जूनमध्ये निबंध मागे घेतला गेला. सरांनी तिचं मार्गदर्शन सोडलं. दुसऱ्या विभागातल्या प्राध्यापक बाईंनी तिला घेतलं, पण जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करायच्या अटीवर. आता ती धाटांतून खराखुरा, टिकणारा तांबडा कण निघतो का, ते शोधते. अजून निघालेला नाही. धाटं ती स्वतःच सुट्टीत सदलग्याहून आणते, सोलून.

बाळाबाईला काम मिळालं का, हे विचारायला तिनं परवा फोन लावला.

"न्हाय अजून," नागुबाई म्हणाली. थोडं खोकली, आणि फोन ठेवला.