रेषेच्या आत

बेटावर दिशा दोनच होत्या, आत आणि बाहेर. बंदराकडची बाजू ती आत, भर समुद्राकडची ती बाहेर. होडीवाले, जाळी टाकणारे, दिव्यावर काम करणारे, सगळे असंच बोलायचे. वारा बाहेरून येतो, होडी आत लावतात, भरती आधी बाहेर चढते. त्यात घराचा, दाराचा काही संबंध नव्हता.

दीपगृहाच्या राखणदाराच्या बायकोला हे कळायला चार दिवस लागले होते. ती लांबच्या, समुद्र न पाहिलेल्या गावातून लग्न होऊन आली. पहिल्याच सकाळी त्यानं सांगितलं, "खरकटं पाणी बाहेर टाकू नकोस, वाऱ्यानं अंगावर उडेल. आत टाक." ती बादली घेऊन खोलीच्या मधोमध उभी राहिली. "आत? इथं? जमिनीवर?" आपल्याला वेड्याच्या गळ्यात बांधलंय, असं तेव्हा वाटलं होतं, हे ती पुढं येईल त्याला हसत सांगायची. चौथ्या दिवशी तिनं त्याला ठणकावलं, "तुमचं आत म्हणजे साऱ्या जगाचं बाहेर. आधी सांगत जा, कुणाचं आत."

मग ते घरातलं बोलणंच झालं. लेक मोठी झाली, तीही विचारायची, कुणाचं आत. राखणदार चौथीपर्यंत शिकलेला. बंदराच्या कार्यालयाला काही कळवायचं असलं की तो सांगायचा आणि बायको लिहायची.

"लिही, आतला कठडा तुटलाय."

ती पेन वर धरायची. "कुणाचं आत?"

"अगं बाई, बंदराकडचा!"

मग ती लिहायची, बंदराकडील कठडा. एकतीस वर्षांत कार्यालयातून एकही पत्र उलट आलं नाही.

ती गेली त्याला आता सात महिने झाले होते.

बेट तसं केवढंसं. ओहोटीला काठानं निघालं तर वीस मिनिटांत फेरी पुरी. बाहेर काळा कातळ, त्याच्या फटींत खेकडे. मधे थोडी उंच जमीन, तिच्यावर गवत, दोन झाडं, गोड्या पाण्याची विहीर, दिवा आणि दिव्याच्या पायाशी घर. आणि आत, कोयत्यासारखी वळलेली, शिंपल्यांची लांब पट्टी. दिवा आता आपोआप लागायचा. राखणदार नावापुरता राखणदार उरला होता.

फार पूर्वी रोगराई असलेली जहाजं बंदरात घेत नसत. माणसं बेटावर उतरवून चाळीस दिवस ठेवत. जी बरी झाली ती शहरात गेली, बाकीची गवताखाली राहिली. बायकोनं गवत बाजूला सारून त्यांचे सत्तावीस दगड शोधले होते. नाव एकावरच होतं, तेही अर्धं. नंतर तिथं दारूगोळ्याचं कोठार झालं आणि मग दिवा. "या बेटावर आपखुशीनं कुणीच आलं नाही," ती म्हणायची, "मी धरून." आणि थोड्या वेळानं म्हणायची, "सुरय तेवढे आले."

सुरय म्हणजे पांढरे, काळ्या टोपीचे, चिरलेल्या शेपटीचे पक्षी. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी यायचे. घरटं असं बांधत नाहीत. शिंपल्यांत पोटानं खळगा करायचा आणि त्यात दोन अंडी घालायची. अंडी शिंपल्यांच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. बायको पट्टीच्या कडेनं पोटावर सरकत खळगे मोजायची आणि वहीत लिहायची. लेकीच्या वाढदिवसाची तारीख एखाद्या वर्षी विसरली असेल, पण खळग्यांचा आकडा कधी चुकला नाही. "त्यांना तुझा नंबर दे, येण्याआधी फोन करतील," राखणदार म्हणायचा. "तुमच्यापेक्षा तरी वेळेवर येतात," ती म्हणायची.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात तिला बोलताना धाप लागायची. तरी ती म्हणाली, "मी येईपर्यंत पट्टीवर कुणाला चालू देऊ नका." ती परत येणार नाही हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, तिला सांगितलं नव्हतं. तो "बरं" म्हणाला. एवढं एकच काम तिनं त्याच्यावर टाकलं होतं.

बंदरात नवा धक्का बांधायचा ठरला आणि त्याच्या भरावासाठी बेटावरचा माल हवा होता. बंदराची इंजिनियर बेट बघायला आली तेव्हा सुरय यायला अजून महिना होता. मुलगी तशी समजूतदार होती. राखणदार तिला म्हणाला, "मॅडम, इथं पक्षी येतात. अंडी घालतात." तिनं दोन झाडांकडे पाहिलं आणि मान हलवली. शहरातलं माणूस पक्षी म्हटलं की झाडाकडंच बघतं. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

"सगळं बेट नाही नेणार, काका," ती म्हणाली. "पण एक बाजू द्यावी लागेल. कुठली ठेवायची ते तुम्ही सांगा. मला वरून तेवढी मुभा आहे. जमिनीवर चुन्याची रेष मारा, नकाशावर तीच काढा आणि दोन ओळी लिहून द्या. काय ठेवायचं, काय घ्यायचं. लेखी असलं की मला कुणी हलवू शकत नाही."

त्याला विचार करावाच लागला नाही. पट्टी ठेवायची आणि उरलेलं द्यायचं, म्हणजे कातळ, गवत, विहीर, घर. एकतीस वर्षांचं घर होतं, पण त्यात आता होतं कोण?

लेक फोनवर चिडली. "बाबा, घर देताय? पक्ष्यांसाठी?"

"तुझ्या आईनं सांगितलंय."

"आईनं घर द्यायला सांगितलं?"

"पट्टी सांभाळायला सांगितलं."

लेक रडली आणि मग म्हणाली, "माझ्याकडे या मग. वरची खोली रिकामीच आहे."

चुन्याची गोणी खांद्यावर घेऊन त्यानं रेष मारली. जिथं गवत संपतं आणि शिंपले सुरू होतात तिथून, पट्टीच्या वळणानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कंबर धरली तरी थांबला नाही. सुरय तेव्हा येऊन बसले होते. डोक्यावर घिरट्या घालून त्यांनी त्याला चोची मारल्या. "अरे, तुमच्याचसाठी चाललंय," तो ओरडला.

पत्र लिहायला दोन दिवस गेले आणि चार कागद फुकट गेले. बायकोच्या चष्म्याशेजारी वही ठेवून त्यानं लिहिलं, "चुन्याच्या रेषेच्या आतील भागास हात लावू नये. बाहेरचा सर्व भाग घ्यावा." खाली सही केली. एकट्यानं लिहिलेलं आयुष्यातलं पहिलं पत्र. त्यानं ते होडीवाल्याला वाचून दाखवलं. होडीवाला बंदरातच जन्मलेला, ताटातला घास तोंडात घालायलाही वाऱ्याची दिशा बघणारा माणूस.

"चोख," तो म्हणाला. "कोर्टात टिकेल, काका. काकूंनी लिहिल्यासारखं वाटतंय."

राखणदाराला बरं वाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा.

कार्यालयात इंजिनियरनं पत्र वाचलं, नकाशावरची रेष बघितली आणि विचारलं, "आतलं ठेवायचं, बाहेरचं घ्यायचं. नक्की?"

"नक्की."

"मला वाटलं होतं, तुम्ही भांडाल. उलट आमचं काम सोपं केलंत. आणि एक, काम चालू असताना बेटावर कुणी थांबायचं नाही. पंधरा दिवस मुलीकडे जाऊन या."

कातळ फोडणं सोपं कसं, हा प्रश्न जिना उतरताना त्याच्या मनात आला. पण यंत्रं मोठी असतात, असेल सोपं, असं म्हणून त्यानं तो सोडून दिला.

निघताना त्यानं वही घेतली, चष्मा घेतला, दोन कपडे घेतले. भांडी तशीच ठेवली. कुलूप लावलं नाही. पाडायच्या घराला कुलूप कशाला? होडीकडं उतरताना पट्टी समोर होती. खळगे त्यानं मोजले होते, एकशे बारा. बायकोच्या वहीत एवढा आकडा कुठल्याच वर्षी नव्हता.

लेकीच्या वरच्या खोलीत तो पंधरा दिवस खिडकीशी बसून राहिला. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. जावयानं दोनदा विचारलं, "करमतंय ना?" दोन्ही वेळा तो "हो" म्हणाला.

सोळाव्या दिवशी होडीवाला धक्क्यावर उभा होता. एरवी अखंड बडबडणारा माणूस, पण आज वल्ह्याकडे बघत होता.

"काय रे, दातखीळ बसली का?"

"बसा, काका."

अर्ध्या वाटेवर राखणदाराला घर दिसलं. कौलांसकट, दारासकट जसंच्या तसं. त्याला एकदम आनंद झाला, आणि त्या आनंदाची दोन क्षणांनी भीती झाली. "घर आहे की रे अजून," तो म्हणाला. "काम सुरूच नाही झालं का?"

होडीवाला वल्ही मारत राहिला. होडी जवळ गेली तसं दिसलं. गवत जिथं संपत होतं तिथून थेट पाणी होतं. खोल, गढूळ पाणी. आधी होडी शिंपल्यांवर घासून थांबायची, आता ती सरळ काठाला जाऊन टेकली. काठावर चुन्याची रेष होती. पांढरीस्वच्छ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठंही पुसलेली नाही.

मुकादम पाइप गुंडाळून घेत होता. तो हसत पुढं आला. "या काका! बघा, घराला धक्का नाही, विहिरीत खडा नाही. माणसांना सांगून ठेवलं होतं, रेषेच्या आत पाऊल टाकलं तर पाय मोडेन. एकानंही टाकलं नाही."

"पट्टी?"

"ती बाहेरची? नऊ दिवसांत उपसली. पंपानं काय वेळ लागतो? पाखरांनी मात्र जीव नकोसा केला. टोपल्या डोक्यावर घेऊन काम केलं आम्ही."

"मी लिहून दिलं होतं."

"त्याप्रमाणंच केलं." मुकादमानं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. राखणदाराचंच अक्षर होतं. ओळ थोडी वर चढलेली, सही वाकडी. त्यानं ते वाचलं. मग रेषेकडे पाहिलं, रेषेमागच्या गवताकडे, विहिरीकडे, घराकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच ते पत्र त्यानं बाहेरच्या माणसासारखं वाचलं.

"चुकलं का काही?" मुकादमाचा चेहरा उतरला. "मॅडमनी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"विचारलं होतं," तो म्हणाला. "तुमचं काही चुकलं नाही."

नक्की का, एवढंच विचारलं होतं. कुणाचं आत, हे विचारणारं कुणी नव्हतं.

वर सुरय होते. निम्मे कुठं निघून गेले होते, निम्मे अजून होते. ठरलेल्या जागी उतरायला खाली यायचे, पाय पाण्याला लागले की ओरडून उठायचे आणि परत खाली यायचे. एकाच्या चोचीत मासा होता. तो कुणाला द्यावा हे त्याला कळत नव्हतं.

होडीवाला मागं येऊन उभा राहिला. "काका, मी पण वाचलं होतं. माझ्या पण डोक्यात आलं नाही." त्यानं राखणदाराचा दंड धरला. "चला परत. लेकीकडं चला."

"ती म्हणाली होती, मी येईपर्यंत."

"काकू आता कुठं यायच्यात, काका?"

"तेच," राखणदार म्हणाला. "आली असती तर काय दाखवलं असतं?"

होडीवाल्याला त्यानं उद्या यायला सांगितलं आणि घरात गेला. सगळं जागच्या जागी होतं. फोन वाजला. लेक होती. "बाबा, मी कार्यालयात विचारलं. घर वाचलं म्हणे! खरं का?"

"हो. घर वाचलं."

"बघा! आईच पाठीशी होती." ती हसत होती. त्यानं तिला काही सांगितलं नाही. एक दिवस तरी तिला हसू दे.

ऊन उतरायला आलं होतं. त्यानं चहा केला, पण प्यायला नाही. भांडी घासायला काढली, घासली, आणि खरकटं पाणी टाकायला बादली उचलली. एकतीस वर्षं ते पाणी शिंपल्यांच्या कडेला, आत टाकलं जायचं. बादली घेऊन तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. दार उघडं होतं आणि सुरयांचं ओरडणं येत होतं. हात भरून आले तरी त्याला पाऊल उचलता येईना. मग त्यानं ते पाणी तिथंच, आत, जमिनीवर ओतलं.