आईच्या नावाचं गवत

गवत म्हटलं की लोकांना ते सगळं एकच वाटतं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना मात्र दोन काड्या शेजारी ठेवल्या की त्यांची नातीगोती दिसायची. उभा जन्म त्यांनी गवतं ओळखण्यात आणि त्यांना नावं देण्यात घालवला होता. माघारी त्यांना ‘गवतीबाई’ म्हणत. “तणबाई म्हणत नाहीत हे काय कमी आहे?” त्या हसून म्हणायच्या.

तरुणपणी एका उघड्याबोडक्या, खडकाळ टेकडीवर त्यांना एक बुटकं गवत सापडलं. कणसं केसाळ, कुसळं आखूड. कुठल्याच वर्णनात ते बसेना. खूप ताडून पाहिल्यावर त्यांनी ती नवीन जात म्हणून जाहीर केली आणि तिला आपल्या आईचं नाव दिलं. बाई डोंगर पालथे घालत तेव्हा त्यांची मुलं आईच सांभाळायची, शिवाय दाबून वाळवायला ठेवलेल्या गवतांचे ओलसर कागद रोज बदलायची. स्वयंपाकघरातल्या दोरीवर कपड्यांऐवजी वर्तमानपत्रं वाळत असायची. शास्त्रातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण ‘माझं गवत’ हे शब्द तिच्या तोंडी कायमचे बसले. आल्यागेल्याला ती सांगायची, “लोकांची नावं रस्त्यांना देतात. माझं नाव उगवतं!”

निवृत्ती जवळ आली तेव्हा बाईंच्या शेवटच्या विद्यार्थिनीने त्याच गटातल्या गवतांवर काम घेतलं. तिने टेकडीवरच्या त्या गवताचं बी आणलं, खालच्या कुरणातल्या एका जुन्या, सर्वांना माहीत असलेल्या गवताचंही आणलं, आणि दोन्ही कॉलेजच्या गच्चीवर कुंड्यांमध्ये एकाच मातीत लावली. हंगाम संपता संपता ती बाईंच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत येईना.

“काय गं? भूत पाहिल्यासारखी काय उभी?”

“मॅडम, जरा गच्चीवर येता?”

टेकडीचं बुटकं गवत कमरेएवढं झालं होतं. कणसांवर केसांचा मागमूस नव्हता. कुठली कुंडी कशाची, हे चिठ्ठी वाचल्याशिवाय बाईंनाही सांगता येईना.

“माती फार चांगली झाली असेल,” त्या भिंग खिशात टाकत म्हणाल्या. “टेकडीवरची माती आण. पुन्हा लाव.”

विद्यार्थिनीने मुकाट्याने पोती भरून मुरूम आणला. पुढच्या हंगामात दोन्ही गवतं बुटकी राहिली, आणि कुरणातल्या त्या गवताच्या कणसांनाही केस आले. दोन्ही एकच जात होती, फरक फक्त मातीचा होता.

“मॅडम, हे प्रकरण मी प्रबंधातून वगळते,” विद्यार्थिनी हळूच म्हणाली. “बाकीचं काम पुरेसं आहे. कोण विचारतंय?”

क्षणभर बाईंना बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच त्यांना लाज वाटली.

“दुसऱ्या कुणाची जात असती तर वगळली असतीस?” त्यांचा आवाज चढला. मुलगी रडकुंडीला आली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. “बस इथे. तू लिही. मूळ नमुन्याची मापं पुन्हा मी घेते. तुझ्यावर कुणी शंका घ्यायला नको.”

शास्त्राचं जमलं. पण आईला सांगणार कसं? कितीतरी दिवस बाई विषय काढायला जायच्या आणि भलतंच बोलून उठायच्या. शेवटी आईनेच पकडलं.

“काय झालंय? सारखी चष्मा पुसतेयस.”

“आई, तुझं गवत… ती वेगळी जात नाही. दुसरंच एक गवत आहे ते, खडकावर उपाशी वाढलेलं.”

आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. “म्हणजे माझं नाव खोडणार?”

“खोडत नाहीत. जुनं नाव खरं धरतात, तुझं त्याच्याखाली लिहितात. पुस्तकात राहतं, वापरात राहत नाही.”

“लग्नाआधीच्या नावासारखं.”

“हो, तसंच.”

“मला वाईट वाटलंय हं. नाही कशाला म्हणू? मिरवत होते मी.” आईने डोळे टिपले. “चूक शोधली कुणी?”

“माझ्या विद्यार्थिनीने.”

“तुझ्या हाताखालची? मग ठीक. बाहेरच्याने शोधली असती तर मी भांडायला गेले असते.”

बाईंना हसू फुटलं, आणि त्याबरोबर इतके दिवस दाबून ठेवलेलं रडूही. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “तू आणखीही नावं दिलीयेस ना? ती लावून बघितलीस कुंडीत?”

“नाही.”

“मग बघ की. हातपाय धड आहेत तोवर.”

लेख छापून आला. विद्यार्थिनीचं नाव आधी, बाईंचं नंतर. एका जुन्या सहकाऱ्याने फोन करून सुनावलं, की स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात. बाईंनी त्याला गच्चीवर बोलावलं. तो आला नाही.

निवृत्त झाल्यावरही त्यांनी गच्चीची किल्ली मागून घेतली. पुढच्या काही हंगामांत त्यांची आणखी एक जात कोसळली. बाकीच्या मात्र कुठल्याही मातीत आपल्या चेहऱ्यामोहऱ्यासकट तशाच उगवल्या. त्यातल्या एकीची कणसं जांभळट होती. आईला जिना चढवत नसे, म्हणून आता नोकरीला लागलेली ती विद्यार्थिनीच कुंडी घेऊन घरी आली. आईने कणीस बोटांत धरून उलटंसुलटं न्याहाळलं.

“हिला कुणाचं नाव दिलंयस?”

“कुणाचंच नाही. रंगावरून दिलंय.”

“शहाणी झालीस,” आई म्हणाली, आणि तिने कुंडी खिडकीत, उन्हाच्या बाजूला सरकवायला सांगितली.