सेरियमचा पांढरा साका

“रतनबाई, खरं सांगा. ह्या बशीत हळद कुनी टाकली?”

प्रयोगशाळा सहायक सूर्यभाननं काचेची बशी त्यांच्या नाकाखाली धरली. साल एकाहत्तर, दसऱ्याची सुट्टी नुकतीच संपलेली. सुट्टीआधी त्यानं सेरियम नावाच्या दुर्मिळ धातूच्या क्षारात अमोनिया ओतून हायड्रॉक्साइडचा पांढराशुभ्र साका पाडला होता, गाळून, धुऊन वाळत ठेवला होता. तो भाजला की चष्म्याच्या भिंगांना पॉलिश करायची पूड मिळते. नगरच्या कॉलेजच्या प्रदर्शनात ती मांडायची, असं गुगळे सरांनी ठरवलं होतं. आणि आता बशीत सगळं पिवळं!

संशय घ्यायला सूर्यभानला एरवीही कारण लागत नसे. स्पिरिट उडून गेलं तरी तो शिपायाचं तोंड हुंगून बघे. इथं तर कारण आयतंच होतं. खंडेनवमीला झाडलोट करणाऱ्या रतनबाईंनीच तराजूला, बर्नरला हळदकुंकू वाहिलं होतं.

“म्या बशीला हात बी लावला न्हाई, भाऊ.”

“मग भुतानं टाकली व्हय?”

“इतकी वर्सं झाडतेय हितं. कंदी काय हिकडचं तिकडं केलं का?”

“सापडला न्हाईत, एवढंच!”

दारात पोरं जमली. रतनबाईंचा चेहरा उतरला. सूर्यभाननं त्यांना तडक सरांसमोर उभं केलं. “सर, ही बाई ऱ्हायली तर मी किल्ल्या ठेवून जातो.”

सर बशी बघून हसलेच. त्यांनी तिच्यात अमोनियाचे थेंब टाकले. “हळद असती तर लाल झाली असती. हा साका पाण्यात विरघळत नाही, आम्लात विरघळतो आणि उघडा राहिला की हवेनं पिवळा पडतो. पूड व्हायला काही अडत नाही. पण उघडा ठेवला कोणी?”

उघडा त्यानंच ठेवला होता. सूर्यभानचे कान तापले. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. पण तोंडातून निघालं ते एवढंच, “बरं, जावा आता कामाला.”

संध्याकाळी तो कुलूप घेऊन दारात उभा होता. रोज रतनबाई ‘येते, भाऊ’ म्हणून निघत. आज त्या थांबल्या. पिशवी उलटी करून त्यांनी भाकरीचं फडकं झटकलं. मग दोन्ही तळहात पुढं केले.

“आवो, हे काय?”

“बगून घ्या.”

“ऱ्हाऊ द्या की, रतनबाई.”

हात तसेच राहिले. त्यानं बघितल्यावरच त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही त्या दारात येऊन तशाच उभ्या राहिल्या.