खळग्यातली चरबी

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा ठोकळा आहे आणि सध्या काचेच्या पेटीत उभा असतो. येणारी मुले मला बत्ता म्हणतात, त्यांचे वडील तोफेचा गोळा म्हणतात आणि मग सगळे पुढच्या दालनातल्या कप्तानाच्या पुतळ्याकडे धावतात. मी चिडू नको तर काय करू?

मी समुद्राची खोली मोजत असे. ओतकाम करणाऱ्या कारागिराने मला साच्यात ओतले, वर दोरीसाठी भोक ठेवले आणि बुडाला मुद्दाम एक खळगा केला. त्या खळग्यात चरबी भरायची आणि मला दोरीने पाण्यात सोडायचे. दोरी किती गेली त्यावरून खोली कळे आणि चरबीला काय चिकटून आले त्यावरून तळ कळे. वाळू आली तर खुशाल नांगर टाका, खडकाची कपची आली तर आधी जहाज थांबवा. इतके सरळ काम होते.

मला पाण्यात सोडणारा खलाशी मोठा अबोल माणूस. बोले ते फक्त खोलीचे आकडे, तेही ओरडून. आणि आमचा कप्तान! आज बेटांना, सामुद्रधुनीला आणि निम्म्या शाळांना त्याचे नाव आहे. पहिल्या सफरीत तो खरोखरच मोठा माणूस होता, हे मी नाकारत नाही. मी वर आलो की तो स्वतः वाकून चरबी चाचपून बघे. "तू नसतास तर मी आंधळाच की रे," असे मला म्हणे. त्याच्या प्रसिद्ध नकाशावरचा एकेक आकडा मी तळावर बूड आपटून आणलेला आहे.

आम्ही परतलो आणि कौतुकाला भरती आली. लोकांनी कप्तानाला हरभऱ्याच्या झाडावर चढवले आणि तो चढला. शेवटच्या सफरीत तो माझ्याकडे ढुंकूनही बघेना. एके दुपारी पाण्याचा रंग बदलला म्हणून खलाशाने मला सोडले. दोरी निम्मीही गेली नाही. वर आलो तेव्हा चरबीत पोवळ्याच्या टोकदार कपच्या रुतल्या होत्या.

"कप्तान, खाली खडक आहे! शिडं उतरवा!"

"माझ्या नकाशात इथे खडक नाही."

"साहेब, एकदा नुसतं बघा तरी!"

"हा समुद्र मी मोजलाय. तू मला शिकवू नकोस."

तू मोजलास? मोजला आम्ही! पण माझे कोण ऐकणार? थोड्याच वेळात जहाज फुटले. कप्तान बुडाला आणि खलाशी मला घेऊन होडीत उतरला म्हणून वाचला.

पुढे चौकशी झाली. खलाशाने मला मेजावर आडवे ठेवले आणि म्हणाला, "माझं ऐकू नका, ह्याचं बूड बघा." कोणी बघितले नाही. मेलेल्या थोर माणसाला दोष कोण देणार? खलाशाने खोली चुकीची सांगितली, असे ठरवून सगळे मोकळे झाले. त्याला पुन्हा कुठल्याच जहाजाने घेतले नाही.

चरबी वाळून कडक झाली, पण कपच्या जागच्या हलल्या नाहीत. खलाशाने मला घरी नेले आणि त्या घरात नेमच पडला. नवी सून आली की सासू आधी माझ्याकडे बोट दाखवी. "घरातलं सगळं घास गं बाई, पण ह्याचं बूड घासायचं नाही." किती सुना आल्या, एकीनेही हात लावला नाही.

खलाशाची खापरपणती नर्स आहे. तिचे वडील थकले आहेत, कानाने आणि डोळ्यांनीही अधू झाले आहेत. त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. संग्रहालयातल्या पाटीवर 'खलाशाच्या चुकीमुळे जहाज बुडाले' असे लिहिले आहे, ते आपल्या डोळ्यांदेखत खोडले जावे. म्हणून तिने मला इथे आणले. "बुडाला हात लावू नका, पुरावा त्यातच आहे," असे तिने कारकुनाला दोनदा बजावले. "हो हो, ताई, काळजीच सोडा," म्हणत त्याने मला कोठारात ठेवले आणि तो जेवायला गेला. पुढे त्याने कोणाला काही सांगितले नाही.

मग कप्तानाच्या स्मृतिसोहळ्याची तयारी सुरू झाली. मांडायची वस्तू स्वच्छ हवी आणि सरळ उभी राहायला हवी, असा इथला नियम. दुरुस्ती विभागातल्या सरांनी गरम पाणी घेतले, ब्रश घेतला. इतक्या सुनांनी जे सांभाळले ते मोरीतून वाहून गेले. खळगा म्हणजे झीज समजून त्यांनी तो प्लास्टरने बुजवलासुद्धा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सोहळ्याच्या दिवशी नर्सबाई वडिलांना हाताला धरून घेऊन आल्या. मला असा घासूनपुसून सरळ उभा केलेला बघताच त्यांनी सरांना गाठले.

"सर, ह्याच्या बुडातली चरबी कुठंय?"

"चरबी? अहो, मळ होता तो! अर्धा दिवस गेला माझा. आता बघा कसा चकचकीत झालाय."

"काय गं, काय म्हणतायत साहेब?" वडिलांनी विचारले.

तिने काचेवर हात टेकला. मग वडिलांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "बघितलं म्हणतायत, बाबा. सगळं नीट बघितलं."

"मग सुटला का आपला माणूस?"

"सुटला, बाबा."

म्हातारा माझ्या दिशेने तोंड भरून हसला. मला त्या क्षणी बोलता आले असते तर!

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगतो, घासायला घेण्याआधी ती आणणाऱ्या माणसाचे ऐकून घ्या. आम्हाला चकाकी नको असते. आमच्या अंगाला जे चिकटलेले असते, ते कोणाच्या तरी जन्माचे असते.

ती दोघे गेल्यावर सर फडके घेऊन आले आणि काचेवर उमटलेला तिचा हात पुसून गेले.