अंबाड्यापुरती जागा

“हलू नकोस गं! वाडगा पडेल.”

“मग मोजा ना पटकन. मान आखडली माझी.”

माझी बायको ग्योक-लान आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर डोक्यावर भाताचा वाडगा पालथा घालून बसली होती. मी दारातून अर्धा आत वाकून वाडग्याच्या बुडापासून छताच्या पत्र्यापर्यंत फूटपट्टी धरली होती. नवरीचा अंबाडा किती उंच येतो, ते मी केस करणाऱ्या बाईला मुद्दाम विचारून आलो होतो. एका वाडग्याएवढा, म्हणाली ती, आणि वर फुलं.

“छताच्या पुठ्ठ्याची जाडी वजा केली तरी चार बोटं उरतात,” मी म्हणालो. “फुलांसकट ताठ बसेल तुझी लेक.”

ग्योक-लान हसली. अशी हसली की वाडगा घरंगळून मांडीत आला. मीही हसलो. तीस वर्षांच्या संसारात एवढे हसल्याचे प्रसंग फार नाहीत आमच्याकडे, त्यामुळे मला तो दिवस चांगला गेल्यासारखा वाटला.

गाडी सोळा वर्षांची. पहिली दहा वर्षं ती टॅक्सी होती, पिवळीधमक. मग माझ्या गुडघ्यांनी संप केला, मी परवाना परत दिला आणि गाडीला निळा रंग मारून घेतला. दारं उघडली की कडांना आतला पिवळा अजून दिसतो. छत मात्र कीलुंगच्या दमट हवेनं खाल्लं. आमच्या बंदरावर वर्षातले किती दिवस कोरडे जातात ते देवालाच ठाऊक. छताच्या कापडामागचा स्पंज कुजला आणि कापड लोंबायला लागलं, ते मागे बसणाऱ्याच्या टाळूला टेकायचं. मी टाचण्या मारून मारून ते वर धरलं होतं. चिकटवायचं सोल्यूशन आणि रेक्झिन विकणारा म्हातारा तेंग दिसला की ओरडायचा, “काय तोक दादा, तंबू ठोकून फिरताय का?”

मला त्याचं काही वाटत नव्हतं. पण अब्रूचं दिवाळं निघालं ते पेई-शानच्या साखरपुड्याच्या दिवशी.

पेई-शान म्हणजे आमची एकुलती एक. दहा वर्षांची असल्यापासून रोज सकाळी पहिलं भाडं घ्यायच्या आधी मी तिला शाळेत सोडायचो. ती मागे बसायची, दप्तर मांडीवर. मी आरशात बघून विचारायचो, “बाईसाहेब, कुठे जायचंय?” ती नाक वर करून म्हणायची, “शाळेत घ्या. आणि मीटर टाकू नका.” आमचा हा रोजचा खेळ. तेव्हाच ती म्हणाली होती, बाबा, माझ्या लग्नात मी याच गाडीतून जाणार. लहान पोर काहीही बोलते, मान्य. पण साखरपुड्याला चहाचा ट्रे सगळ्यांपुढे फिरवून झाल्यावर मी तो विषय काढला, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि जावई शेजारी बसला होता.

“बाबा, आधी त्या छताचं बघा,” ती म्हणाली. “माझा अंबाडा अडकेल त्यात!”

सगळे हसले. विहीणबाई तोंडावर रुमाल धरून हसल्या. मी मात्र मनात गाठ मारली. छत नीट झालं की पोरगी बसणार. आणि मी आरशात बघून एकदा, शेवटचं, विचारणार.

गॅरेजवाल्याकडे देणं मला पटत नव्हतं. स्वतःच्या हातानं करायचं ठरवलं. दिवे, पकडायच्या मुठी, उन्हाच्या झडपा, कडेच्या पट्ट्या सगळं उतरवलं आणि छताचा पुठ्ठा मागच्या दारानं अलगद बाहेर काढला. तो ठेवणार कुठे? घरात एकच मोठी जागा, आमचं जेवायचं गोल टेबल. आठवडाभर आम्ही दोघं स्टुलांवर बसून, माशाच्या गोळ्यांचं सूप मांडीवर घेऊन जेवलो. जुना स्पंज घासताना पिवळा भुगा उडायचा. केसांत, कानांत, सुपात. ग्योक-लाननं हूं की चूं केलं नाही. एरवी चप्पल आत आली तरी घर डोक्यावर घेणारी बाई! मला वाटलं, लेकीच्या लग्नाचा आनंद आहे.

आता माझी चूक सांगतो, हसा हवं तर. आमच्या स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायचं देवळातलं कॅलेंडर आहे. त्या त्या दिवशी काय करावं, काय करू नये, ते पानावर छापलेलं असतं. मी शोध शोध शोधलं आणि एक पान सापडलं: छप्पर घालण्यास उत्तम. म्हटलं, गाडीचं छत म्हणजे छप्परच की! मुहूर्त मिळाला.

त्या दिवशी पहाटेपासून पावसाची झिमझिम. भिंतींना पाणी सुटलेलं.

“अहो, आज नको,” ग्योक-लान म्हणाली. “हवा किती ओली आहे.”

“पानावर लिहिलंय, उत्तम.”

“ते घराच्या छपराचं असेल.”

“माझ्या लेकीच्या डोक्यावरचं छप्पर आहे हे. तू कापड धर.”

तिनं धरलं. हे काम एकट्याचं नाहीच. कापड अर्धं दुमडायचं, एकानं ते उचलून ठेवायचं, दुसऱ्यानं पुठ्ठ्यावर आणि कापडाच्या पाठीवर सोल्यूशन फवारायचं, बोटाला लागेनासं झालं की मधून कडेकडे तळहातानं दाबत न्यायचं. ग्योक-लान तासभर हात वर करून उभी होती. तिच्या दंडाला कंप सुटला होता. मी दाबत होतो आणि ती म्हणत होती, “तिथे सुरकुती आहे हो. हां, गेली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कापडावर फोडच फोड. ओल आत कोंडली होती. मी कपाळाला हात लावून तेंगकडे गेलो.

“दादा, सोल्यूशन मुहूर्त वाचत नाही,” तो म्हणाला आणि नवीन कापड माझ्यासमोर टाकलं. “गुरुवारपासून चार दिवस कोरडे सांगितलेत. तेव्हा करा. आणि कॅलेंडरला हात लावू नका कृपा करून.”

पण मोडेल ती सवय कसली? घरी येऊन मी कॅलेंडर उघडलंच. गुरुवार, शुक्रवार, शनिवार बघितले. मग म्हटलं, लग्नाच्या दिवसाचं पान पुन्हा एकदा वाचू, बरं वाटेल. पानं वर केली. लग्नाच्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीनं, ग्योक-लानच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: सहा गाड्या, सगळ्या काळ्या. ७.२० ला दारात. ह्यांना आदल्या दिवशी सांगायचं.

मी ते तीनदा वाचलं. हे म्हणजे मी.

ग्योक-लान मोरीशी मासे साफ करत होती. मी कॅलेंडर खिळ्यावरून काढून तिच्यासमोर धरलं. तिनं पान बघितलं, नळ बंद केला, हात पुसले. बराच वेळ पुसले.

“विहीणबाईंनी ठरवलंय,” ती म्हणाली. “त्यांच्या सहा. तुमची धरली तर सात होतात. शुभकार्याला सगळं जोडीनं लागतं, विषम कशा चालतील?”

“मग आठ करायच्या. एक मी भाड्यानं आणतो.”

“तेही सुचवलं मी. पेई-शानच नको म्हणाली.”

“तीच म्हणाली होती, आधी छताचं बघा!”

“तिला वाटलं, तुमच्याच्यानं ते व्हायचं नाही.” ग्योक-लान जमिनीकडे बघत होती. “सहा वर्षं टाचण्या मारत काढलीत. म्हणाली, बाबांना नाही म्हणायला नको, आपोआप राहून जाईल.”

“आणि तुला हे कधीपासून माहीत?”

ती पुन्हा माशांकडे वळली.

“कधीपासून?”

“साखरपुड्याच्या आधीपासून.”

थोबाडीत मारली असती तर सोसलं असतं. लेकीचं एक वेळ समजू शकतो, तिला नव्या घरात नाव राखायचं आहे. पण ही? माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर हिनं कापड धरलं. सुरकुती दाखवली. डोक्यावर वाडगा घेऊन बसली आणि हसली.

“वाडगा कशाला घेतलास मग डोक्यावर?” मी विचारलं. “मला वेड्यात काढायला?”

“तुम्ही इतके खूश होतात,” ती म्हणाली. “किती वर्षांनी तसं बघितलं. माझ्या तोंडातून निघेना हो.”

मी कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं. त्या रात्री जेवलो नाही.

रविवारी पेई-शान आली, लग्नाच्या केकचे लाल डबे घेऊन. आईनं फोन केला असणार. माझ्याजवळ स्टुलावर बसली.

“बाबा, रागावलात?”

“तुझी गाडी ठरली आहे ना? मग झालं.”

“तुमचीही येऊ दे की. सामानाचे डबे आणता येतील तिच्यातून.” मग जरा थांबून म्हणाली, “फक्त त्या सहांच्या मागून. जरा अंतर ठेवून.”

“सोळा वर्षं दुसऱ्यांचं सामान वाहिलं मी,” मी म्हणालो. सोळा नव्हतीच ती, दहा होती या गाडीची आणि सोळा आधीच्या दोन गाड्यांची, मिळून सव्वीस. रागात हिशेब चुकला. “आता नाही वाहत.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हनुवटी वर झाली. हनुवटी माझीच आहे तिची.

“तुम्ही कधी मला विचारलंत का, मला त्या गाडीतून जायचंय का? शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरायचे मी, आठवतं? का उतरायचे?”

“सोयाबीनचं दूध घ्यायला.”

“मला ते आवडतच नाही, बाबा.”

खरं सांगतो, सहा काळ्या गाड्यांनी झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं. रोज ती म्हणायची, कोपऱ्यावर सोडा, दूध घ्यायचंय. रोज मी खिशातून नाणी काढून द्यायचो. दहा वर्षांची पोर माझ्याशी इतकं सरळ तोंडानं खोटं बोलत होती, आणि तिच्या बाईसाहेब होण्यावर मी दिवसभर खूश असायचो. पोरीला पिवळ्या गाडीची लाज वाटत होती. घरात हे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं, कारण समोरच बसलेल्या ग्योक-लाननं मान वर केली नाही आणि नवलही दाखवलं नाही.

“जा,” मी म्हणालो. “केक चांगला आहे. जा आता.”

गुरुवारी हवा कोरडी पडली. मी छत केलं. का केलं म्हणाल, तर अर्धवट काम टेबलावर ठेवून जेवायची मला सवय नाही. ग्योक-लान दोनदा जवळ आली. “धरू का?” मी दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून उभ्या केल्या, कपड्याच्या चिमट्यांनी कापड त्यांना अडकवलं आणि एकट्यानं फवारलं, एकट्यानं दाबलं. पावणेदोन तास लागले. कापड असं बसलं की तेंग मुद्दाम बघायला आला आणि चेष्टा करायची विसरला. त्यानं दोन्ही बाजूंनी हात फिरवला, म्हणाला, “दादा, कंपनीतून आल्यासारखं.”

लग्नाच्या दिवशी सात वीसला सहाही गाड्या दारात होत्या, चकचकीत काळ्या. पेई-शान खाली आली. सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू? अंबाडा वाडग्याएवढाच होता, वर पांढरीगुलाबी फुलं. काळ्या गाडीचं छत बुटकं. आत शिरताना अंबाडा चौकटीला लागला, एक फूल पडलं. बसल्यावरही तिला मान पुढे काढूनच बसावं लागलं. मी चार पावलांवर उभा होतो. माझ्या हातात पाण्याचं घमेलं होतं, कारण नवरीची गाडी हलली की लेकीनं माघारी फिरू नये म्हणून मागे पाणी टाकायचं असतं, आणि ते बापानं टाकायचं असतं.

तिनं काचेतून माझ्याकडे बघितलं. मी घमेल्याकडे बघितलं. गाडी हलली, काच उतरली, जुने हट्ट माहेरीच ठेवायच्या रीतीप्रमाणे तिनं हातातला पंखा रस्त्यावर टाकला. मी पाणी टाकलं. सहाही गाड्या एकामागून एक वळणावरून गेल्या. ग्योक-लान पुढे झाली, तिनं ओल्या रस्त्यावरून पंखा उचलला आणि बाहीनं पुसून घेतला.

पाहुणे बसमध्ये चढले. आम्हालाही हाका मारत होते. मी मान हलवून त्यांना जायला सांगितलं आणि किल्ली काढली. निळी गाडी गल्लीच्या टोकाला उभी होती. ग्योक-लान माझ्या मागून चालत आली. तिनंही त्याच बाईकडून केस करून घेतले होते, चांगले उंच. तिनं सवयीनं पुढच्या दाराला हात घातला.

“मागे बसा,” मी म्हणालो.

तिचा हात दारावरच राहिला. तीस वर्षांत मी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. भांडणात नाही, तिच्या माहेरच्यांसमोर नाही. फक्त गिऱ्हाइकांना म्हणायचो.

ती मागे गेली. दार उघडलं, आत बसली, पंखा मांडीवर ठेवला. वर बघितलं. छताला कुठे एक चुणी नव्हती. तिचे केस आणि कापड यांच्यामध्ये चार बोटं जागा होती.

“लागत नाही हो,” ती हळूच म्हणाली.

मी आरसा सरळ केला आणि त्यात बघितलं.

“कुठे जायचंय?”

ती रडत होती. तरी तिनं सांगितलं. लग्नाच्या हॉलचं नाव, रस्त्याचं नाव, नंबर, सगळं नीट सांगितलं, जसं मला माहीतच नाही. मी हँडब्रेक सोडला.