पंधरा मिनिटांचा नियम

सत्त्याण्णव साल होतं. नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसात सर्व्हर एकच, आणि तोही एका वेळी दहाच जणांना आत घेणारा. माणसं मात्र सोळा. म्हणून आल्या आल्या जो तो फाइल उघडून ठेवायचा, बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी तशी, आणि खुशाल चहाला जायचा. उरलेले हात चोळत बसायचे.

सर्व्हर सांभाळायची ती मामांची सख्खी भाची. मामांनीच शब्द टाकून तिला तिथं लावलं होतं. त्या सोळांत मामा सगळ्यांत जुने. त्यांच्या निवृत्तीला महिना उरला होता, आणि पाइपलाइनचा नकाशा येत्या शुक्रवारी संध्याकाळी हातात पडला तरच नोकरीत मुदतवाढ, असं साहेबांनी बजावलं होतं.

तक्रारी वाढल्या तसे साहेब तिला म्हणाले, "पंधरा मिनिटं ज्याचा हात हलला नाही, त्याला बाहेर काढ."

मामा तिच्या टेबलाशी आले. "माझं तेवढं वगळ गं. मी आधी बघत बसतो, मग रेघ ओढतो. तुला ठाऊक आहे."

"मग मधूनमधून सेव्ह करा ना, मामा."

"अर्धं कच्चं कुणी ताटात वाढतं का?"

"वाढा हो मामा, भाचीचंच राज्य आहे!" शेजारचा टवाळ ओरडला. सगळे हसले. तिचे कान तापले.

"नियम सगळ्यांना सारखा, मामा."

"बरोबर आहे बाई," म्हणत ते जागेवर गेले.

शुक्रवारी दुपारी एका वळणापाशी मामा अडले. हनुवटीला हात लावून बघत राहिले. वळण सुचलं तेव्हा पंधरा मिनिटं उलटली होती, सर्व्हरनं त्यांना बाहेर काढलं होतं आणि पडदा गोठला होता.

"अगं, हे हलत नाही."

तिनं फाइल पुन्हा उघडली. आत कालचाच नकाशा होता. मामा चष्मा पुसून पुन्हा पहिल्या रेघेपासून बसले. साहेब न्यायला आले तेव्हा नकाशा अर्ध्यावर होता.

मुदतवाढ हुकली, आणि मामांची जागा टवाळाला बढतीत मिळाली. साहेब मोठ्या ऑफिसात गेले. पुढच्या वर्षी नवा सर्व्हर आला, सोळाही जण एकदम आत बसू लागले, आणि तो नियम तिनंच काढून टाकला. मामांनी चार वर्षं घरच्या खिडकीशी बसून काढली, मग ते वारले. दोष त्यांनी तिला कधीच दिला नाही. ते असेपर्यंत ती दर रविवारी भेटायला जायची. ते बाहेर बघत गप्प झाले, की पंधरा मिनिटं व्हायच्या आत ती घाईघाईनं काहीतरी विचारायची, उगाचच.